मामाच्या दारातला ब्रेकर

आमच्या सिल्लोडच्या मामाचं काय सांगू, प्रसादाच्या शिऱ्यातसुद्धा तो आधी खडा शोधतो! परवा त्याला गाडी घ्यायला इथल्या शोरूममध्ये नेलं. मोबाइलवर परदेशातली एक सुसाट पळणारी गाडी दाखवून मामा म्हणाला, "हीच पाहिजे."

"ती भारतात विकत नाहीत, काका," सेल्समन म्हणाला.

"का? आमच्यापासून काय लपवायलात?"

"लपवायचं काय? फार खाली असते ती. तुमच्या घरासमोर स्पीडब्रेकर आहे?"

"हाय की! गुडघ्याएवढा. मीच भांडून टाकून घेतला."

"मग त्याच्यामुळंच कंपनी पाठवत नाही. गाडीचं पोट घासतं."

मामा तडक उठला. बाहेर आल्याबरोबर त्यानं माझा दंड धरला.

"खरं सांग, माझ्या दारातला ब्रेकर कंपनीला कुणी कळवला? तूच ना?"