ओट्याखालचा पंप

—नाही, टॉर्च मला नको, तूच धर, आणि खाली धर, माझ्या डोळ्यांत नको. एवढ्याशा जागेत मला पोट आत ओढून झोपायला लावलंस आणि उजेड भलतीकडेच. ही बघ, ही पांढरी नळी. शहरातल्या मॉलमधून तो टायवाला आला आणि हे पाणी गाळायचं मशीन बसवून गेला, त्यानं विचारलं का तुला, बाई, तुमच्या नळाला जोर किती? नाही विचारलं. त्याला काय पडलंय! आतल्या बारीक गाळणीतून पाणी ढकलायला दाब लागतो, एर्लिंदा, आणि तुमच्या गल्लीत दुपारी करंगळीएवढी धार. मग काय, पाण्याचा एक जग भरायला अर्धा तास, निम्म्याच्या वर पाणी मोरीत, आणि तेव्हा कोण आठवतो? पिदियोदादा! ज्याच्या पाण्याच्या दुकानाकडे वर्षभर ढुंकून पाहिलं नाहीस, तो पिदियोदादा.

दादा-दादा करू नकोस. एकोणीस वर्षं माझे निळे कॅन या घरात आले—वादळात आले, पूर आला तेव्हा मी डोक्यावर घेऊन आलो, करोनात फाटकावरून आत दिले—आणि एके दिवशी फाटकाला चिठ्ठी. ‘पाणी नको.’ चिठ्ठी! तोंडानं सांगायला काय झालं होतं? तुझा नवरा रेनाटो दुबईहून पैसे धाडतो, घ्या ना मशीन, दोन घ्या, पण ती चिठ्ठी अख्ख्या गल्लीनं वाचली. पुढच्याच आठवड्यात तीन घरांनी मला विचारलं, पिदियो, तुझ्या पाण्यात काही आहे का? काय सांगणार होतो मी? हसलो. दुसरं काय करणार.

पाना दे. तो नाही, मोठा. आता नीट बघून ठेव, परत बोलवलंस तर मी येणार नाही. दाब वाढवायच्या या पंपावर हा बाण असतो, पाणी कुठून कुठे जायचं त्याचा—उलटा बसवला की नुसता घुरघुरतो, काम काही नाही. आणि ही छोटी डबी, ही पंपाच्या आधी, नळाला पाणी नसलं की ही पंप बंद करते, नाहीतर कोरडा चालून जळेल. आणि ही दुसरी, टाकी भरली की थांबवायची. टायवाल्यानं हे सांगितलं असतं? सांगून त्याला काय मिळणार होतं! टेप दे. दातानं तोड, कात्री कशाला शोधतेस?

रविवारी किती माणसं येणार? साठ? आईला जाऊन वर्ष पुरं होतंय, तू दुखवट्याचे काळे कपडे उतरवणार, डुक्कर भाजणार, पाद्री येणार, आणि साठ माणसांना पाणी या मशीनचं! माझ्याकडे कॅन मागितले असतेस तर मी काय नाही म्हणालो असतो? सेफेरिनामावशी गेली तेव्हा नऊ दिवसांच्या प्रार्थनेला रोज चार कॅन कोणी दिले? फुकट दिले. विसरलीस. आणि एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नकोस—पंगतीला कालवं ठेवू नकोस. अगं, रडायला काय झालं? लोक बोलणारच. मे महिन्याच्या उन्हात ऐंशी वर्षांच्या आईला कालवं खाऊ घातलीस, चार दिवसांत म्हातारी जुलाबांनी पाणी-पाणी होऊन गेली, बोलणारच ना लोक. हो, हो, माहीत आहे, त्याच ताटातली तूही खाल्लीस आणि तुला काही झालं नाही, वर्षभर दारोदार हेच सांगत फिरतेयस. तुझं पोट तरुण, मावशीचं म्हातारं. झालं ते झालं.

हं. लाव बटण. ऐकू येतंय? हा हिरवा दिवा लागला. पण दिव्याच्या भरवशावर राहू नकोस, एर्लिंदा, महिन्याला पाणी तपासून बघ, गाळण्या वेळेवर बदल—दिवा लागलाय म्हणजे आत सगळं ठीक आहे असं नसतं. माझंच घे ना. जंतू मारायचा निळा दिवा आहे माझ्याकडे, पोलादी नळकांड्यात असतो, बाहेरून दिसत नाही, बाहेर नुसता असाच हिरवा ठिपका. तर ठिपका जळतोय आणि आतला दिवा कधीच गेलेला. पाणी तसंच नितळ, तसंच गोड. तीन आठवडे कोणाला पत्ता नाही, ते तर प्रार्थनेचे कॅन भरताना झाकण उघडलं म्हणून—

टॉर्च हलवू नकोस.

कुठली प्रार्थना म्हणजे? आपल्या ओटन गावात काय एकच माणूस मेलंय? असेल कोणाची तरी. तू नीट धर आणि मला आवरू दे. आणि बोटं मोजू नकोस! तीन आठवडे मी आपलं अंदाजानं म्हणालो, दोन असतील. सगळे तेच पाणी पीत होते, चार-पाच घरी पोटं बिघडली, बरी झाली, उन्हाळ्यात बिघडतातच. तू कुठे पीत होतीस, तू दिवसभर कॉफी उकळत बसणार. मावशीच थंड पाणी—मला काय माहीत कोण किती पितं? मी काय घरोघर बघायला जातो? दिवा मी बदलला. त्याच दिवशी बदलला, दुपारच्या आत. टाकी घासली. तुझ्या नऊ दिवसांचं सगळं पाणी चांगलं होतं, शपथेवर सांगतो, आणि एक पैसा घेतला नाही. घेववला नाही. कसा घेणार होतो?

कालवांचं मी काढलं नाही. मी फक्त विचारलं. अंगणात बायका बसल्या होत्या, मी कॅन ठेवला आणि विचारलं, म्हातारीनं शेवटी खाल्लं काय होतं? एवढंच. त्यांच्यातलीच कोणी तरी म्हणाली, कालवं. मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे काय बोलणं झालं का? हो, त्याच दिवशी संध्याकाळी. दिवा सकाळी बघितला होता, म्हणून काय झालं? सांगून मावशी परत येणार होती?

काय? रविवारी? सगळ्यांसमोर? पाद्र्यासमोर, दुबईहून येणाऱ्या रेनाटोसमोर उभं राहून मी—डोकं ठिकाणावर आहे का तुझं? दुसऱ्या दिवशी एक माणूस माझ्या दुकानाची पायरी चढेल का? माझ्या दोन पोरी नर्सिंगला आहेत, एर्लिंदा. धाकटीचं शेवटचं वर्ष आहे. मी खरं बोलायचं आणि त्यांनी घरी बसायचं, हे चालेल तुला? नाही बोलणार मी. तू बोललीस तर म्हणेन, खोटं आहे. आणि लोक माझंच ऐकतील, तुझं वर्षभर कोणी ऐकलं नाही. मला नाही झेपणार ते, सगळ्यांनी तसं बघणं. तुझं काय, तुला आता सवय झालीय.

बघतेस काय अशी? बोल. शिव्या दे.

बरं. फाटक उघडलंस ना, जातोय. हत्यारांची पिशवी तेवढी—राहू दे. राहू दे ती.