चार घरांच्या चादरी

दुरुस्तीच्या दुकानात, कपड्यांना इस्त्री करणारे घरगुती रुळाचे यंत्र उघडून बसलेल्या कारागिराचे हात एका तारेशी थबकले होते; कान मात्र बाकावर बसलेल्या नणंद-भावजयींकडे लागले होते.

"वहिनी, संध्याकाळपर्यंत होईल ना गं? माझ्या बारा चादरी खोळंबल्यात."

"तुमच्या बारा, जाऊबाईंच्या आठ, वर मावशींचे पडदे. यंत्र आणताना तुमचे भाऊ म्हणाले होते, तुझे हात मोकळे होतील."

"झालेच की! इकडून कपडा सरकवायचा, तिकडून घडी घालायची."

"मग सरकवायला आलात का कधी, वन्सं?"

"माझी कंबर धरते गं. गेल्या वेळी एका चादरीला सुरकुती राहिली होती, पण मी काही बोलले नाही हो."

कारागिराने तुटलेल्या तारेची टोके उजेडात धरली. चंद्रकोरीच्या कडेसारखा तो छेद स्वच्छ होता. त्याने घसा खाकरला.

"उंदराने कुरतडली असेल, ताई."

"त्या मुक्या जिवावर कशाला आळ घेता? कात्रीनं कापली. मी."

"वहिनी! भर दुकानात काय बोलतेस?"

"घरात बोलले, ते कुणाच्या कानात शिरलं? दादा, नवी तार घाला आणि यंत्र ह्यांच्या घरी पोचवा. पत्ता ह्याच सांगतील."

"माझ्या घरी? अगं, पण..."

"माझ्या दोनच चादरी, वन्सं. रविवारी आणून टाकीन. सुरकुती राहिली, तरी मी काही बोलणार नाही हो."