रत्नाकर सरांचा दुसरा तारा

रत्नाकर : ...म्हणून म्हटलं, रामघाटावर आलोच आहे तर तुला स्वतः सांगावं. उद्या जाहीर करतोय, मृणालिनी. साऱ्या दुनियेला जिथे एक तारा दिसतो, तिथे विद्यापीठातल्या आपल्या खगोल विभागाला दोन दिसलेत.

प्रभावती : चहात साखर किती, रत्नाकर? मोठा माणूस झालास, आता विचारावं लागतं.

रत्नाकर : बिना चीनी, मावशी. डॉक्टरांनी मना केलंय.

मृणालिनी : निमंत्रणपत्रिकेवर पाहिलं चित्र. गणपतीच्या खाली.

रत्नाकर : कसं निघालंय? अंतराळातल्या दुर्बिणीवर क्ष-किरण येतात ते इतके मोजके, की मूळ चित्र म्हणजे फरशीवर सांडलेली मोहरी. मग तुझा तो प्रोग्राम चालवला. म्हणजे, विभागाचा. दर फेरीला चित्र निवळत गेलं.

मृणालिनी : किती फेऱ्या दिल्यात, सर?

रत्नाकर : हजार. मशीन थांबेचना, मीही थांबवलं नाही. अच्छी चीज़ को क्या रोकना.

प्रभावती : म्हणजे सहस्रावर्तनंच झाली.

रत्नाकर : एक छोटीशी अडचण आहे. बेंगळुरूहून या विषयातल्या एक मोठ्या बाई येतायत. त्या प्रोग्रामबद्दल विचारणार. तू शेजारी बसून दोन वाक्यं बोललीस तर...

मृणालिनी : कोण म्हणून? विभागातून काढलंत मला.

रत्नाकर : अगं, शुभचिंतक म्हणून.

मृणालिनी : शोधनिबंधावर माझं नाव घाला. सगळं सांगते, इथेच, आत्ता.

रत्नाकर : नावं ठरून गेली गं. आभारात घालतो ना. ठळक अक्षरांत.

मृणालिनी : ठळक कशाला? येईन मी उद्या. बोलणार मात्र नाही.

रत्नाकर : चालेल. मी निभावून नेईन.

(रत्नाकर जिना उतरून गल्लीत जातो.)

प्रभावती : आता माझ्याकडे बघ आणि सांग, कशाचं हसू दाबत होतीस?

मृणालिनी : आत्या, तिथे दुसरा तारा नाही.

प्रभावती : मग पत्रिकेवर काय छापलंय?

मृणालिनी : मोहरी. फेऱ्या थोड्याच द्यायच्या असतात, तेवढ्यात धूसरपणा जातो. पुढे देत राहिलं की यंत्र त्या सांडलेल्या मोहरीलाच घोटत बसतं आणि तिचे तारे करून दाखवतं. म्हणून प्रोग्रामच्या सुरुवातीलाच मी थांबायची अट लिहिली होती. माझं नावही तिथेच होतं. मला काढल्यावर सरांनी नाव पुसायला म्हणून ती अख्खी सुरुवातच उडवली.

प्रभावती : नावाबरोबर लगामही गेला म्हण.

मृणालिनी : त्या बाई पहिलाच प्रश्न विचारतील, कुठे थांबलात?

प्रभावती : आणि तू त्याला सांगितलं नाहीस.

मृणालिनी : सांगणार होते. निबंधावर माझं नाव आलं असतं तर त्यांच्याबरोबर मीही बुडाले असते. मग वाचवणं भागच होतं. त्यांनी आभार निवडले.

प्रभावती : त्याच्या मुंजीत भिक्षा घातलीय मी. सगळ्या काशीसमोर तोंडावर पडेल पोरगा.

मृणालिनी : वाईट वाटतंय तुला?

प्रभावती : वाटतंय ना. तुला काढलं तेव्हा याची बायको हळदीकुंकवात सांगत होती, मुलीला साधं गणित जमत नव्हतं म्हणून. तेव्हाही असंच वाईट वाटलं होतं. उद्या कुठली साडी नेसू?

मृणालिनी : जरीची. थांब, जिन्यावर कुणीतरी आहे.

रत्नाकर : मीच. बालाजी घाटापर्यंत गेलो आणि परतलो. मन खाऊ लागलं, मावशी. मृणालिनी, चूक झाली माझी. पाच वर्षं राबलीस तू. पहिलं नाव तुझं, दुसरं माझं. आत्ताच फोन करून बदलायला सांगतो.

प्रभावती : मृणाल, अगं ऐकलंस ना? सर उभे आहेत.

मृणालिनी : राहू द्या, सर. आभारातच बरी आहे मी.