तिसऱ्याचा काटा

नाही हो वहिनी, सुरू नाही होणार — चारही प्लग बाहेर काढलेत, पेट्रोलही बंद केलंय, नुसती घरघरेल. तुम्ही फक्त ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि मी म्हटलं की चावी फिरवा — हां, पुरे. पहिल्या सिलिंडरमध्ये दम आहे, काटा बघा कसा चढला. दुसराही बरा. आता तिसरा — फिरवा — अजून — थांबा. नाही, काही नाही. माझंच दाबाचं मीटर नीट बसलं नसेल. परत फिरवा.

बसलंय नीट. निम्म्यालाही पोचत नाही काटा. तरी म्हटलं, दादाची ही गाडी चढावर का रडते. दादा म्हणायचा, पेट्रोलमध्ये भेसळ. गाडीत खोट निघालेली त्याला कधी खपलीये का? इथे माझ्याच गॅरेजात, माझ्याच मागे उभा राहून मला शिकवायचा — पाना असा धर, फडकं तिथे ठेवू नकोस. एवढा राग यायचा मला. आता मागे कोणी नसलं की हात चालत नाही, काय सांगू. काल दवाखान्यात मलाही म्हणाला ना, उशीला टेकून — धाकट्या, गाडी तयार ठेव, घरी मीच चालवत नेणार. हो, जेवला स्वतःच्या हाताने, माहीत आहे. दोनदा फोन केलात तुम्ही मला. इतक्या दिवसांनी तुमचा आवाज तसा ऐकला, मी काय बोलणार?

हे बघा, आता तिसऱ्यात थोडं तेल सोडतो. चमचाभरच. फिरवा — बघितलंत? गेला वर, पहिल्याच्या बरोबरीला. नाही, हसू नका वहिनी. बरी नाही झाली ती. आतल्या पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, त्या फटीतून दाब निसटतो. तेल ती फट तेवढ्यापुरती बुजवतं, एवढंच. गाडी जरा चालली की तेल जळतं आणि काटा परत जागेवर. ही दुरुस्ती नव्हे, दुखणं कुठे आहे ते कळावं म्हणून करतात. आणि रिंगा आणू कुठून? हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला, भंगारवाल्यांकडेही विचारून झालं. मी म्हणतो, कशाला तो खोटा काटा बघायचा? बघणाऱ्याला उगाच आशा लागते. दादाच्या त्या इंजेक्शनचंही तसंच — डॉक्टर म्हणालेच होते, दोन दिवस उठून बसेल, जेवेल, घरच्यांना वाटेल की आता —

कुठले म्हणजे — आपलेच डॉक्टर. जिन्यात भेटले. तुम्ही त्याचे कपडे आणायला घरी गेला होतात. नाही, अगदी तसंच नाही म्हणाले ते — म्हणजे — मी सांगणारच होतो वहिनी. काल फोनवर सांगणार होतो, पण तुम्ही हसत होतात. माझ्याच्याने नाही झालं. दादा विचारेल म्हणून तर गाडी उघडली, नाहीतर मला काय ठाऊक नव्हतं तिचं?

वहिनी, पाय काढा. बास झालं, माझं बघून झालंय. कशाला फिरवताय — प्लग नाहीत तिच्यात, नाही सुरू होणार ती. बॅटरी उतरेल. ऐका माझं, चावी सोडा. वहिनी, सोडा.