टिपक्यांचा सारस

...अन् वरून सर मलेच म्हनतेत, "गोपीचंदभाऊ, तुमच्या नावाइनं मशीन भरली." मशीन भरली! आता मशीन का धानाचा कोठा आहे भराले? बरं, नावं टाका हे मी सांगितलं, कबूल. पन मी धंद्यानंच नावं टाकनारा मानूस. तुमसरच्या बजारात केशवरावजीच्या भांड्याच्या दुकानाच्या ओट्यावर बसतो, बावीस वर्सं झाली, हातात छन्नी अन् हातोडी. पान्याची गुंडी आना, गंज आना, गडवा आना, कोनतंबी भांडं आना... टकटक टकटक, 'सुखराम यांजकडून सप्रेम भेट', झालं, पुढचा. अशा मानसानं नावं टाका म्हनलं, यात मायं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

तर तुम्हाले सांगतो, गोष्ट सुरू झाली पंच्याऐंशी साली. आमचे परसराम मेश्राम सर, शाळेत विज्ञान शिकवतेत, मानूस देवमानूस, पन एक खोड... हाती काही आलं का खोलून पाह्यते. रेडिओ खोलला, घड्याळ खोललं, सासऱ्यानं देल्लेली सायकल खोलली ते अजून तशीच आहे. अशा मानसाच्या शाळेत सरकारनं कॉम्प्युटर पाठवला! अख्ख्या तालुक्यात एक. त्याले पडद्याची खोली, बाहेर चपला काढा, आत शिंकू नका. सर दिवाळीच्या सुट्टीतबी घरी जात नोते. त्याइची बायको डबा घेऊन शाळेत येत.

तो डबाच घेऊन सर एक दिवस ओट्यावर आले, म्हने, "यावर नाव टाका, मुलं घेऊन जातेत." मी टाकून राहिलो, अन् सर बाजूच्या गुंडीकडे पाहूनच राहिले. त्या गुंडीवर मी मोर काढला होता. आता आमचा मोर म्हंजे रेघ नाही, नुसते टिपके. एक टिपका, बाजूले दुसरा, दुरून पाह्यलं तं मोर. सर म्हने, "भाऊ, हे टिपक्याचं कसं जमते तुम्हाले?" मी म्हनलं, "जमाले काय लागते जी, जिथं टिपका पायजे तिथं मारायचा, जिथं नाही पायजे तिथं हात आवरायचा." सर डबा सोडून उठलेच. "चाला शाळेत," म्हने, "महिना झाला, मी कॉम्प्युटरवर हेच करून राहिलो अन् माया कोंबडा बुटासारखा दिसते."

गेलो. चपला काढल्या. सरनं चौकटीचा कागद देल्ला. आठ घरं आडवी, आठ उभी, चौसष्ट. जे घर भरलं ते पडद्यावर उजळते, जे रिकामं ते काळं. एवढंच! अन् याच्यासाठी सरकारनं इंजिनेर ठेवले? मी म्हनलं, कोनतं पाखरू पायजे? सर म्हने, तुमच्या मनात येईन ते. माया मनात दुसरं काय येईन जी... मी बपेरा गावचा. लहानपनी धानाच्या बांधीत सारस उतरत, मानसाएवढं उंच पाखरू, लाल डोक्याचं, बाप म्हने उभा राह्य, हालू नको, ते पाहून राहिलं तुले. तो सारस काढला. सहा कागद जोडले, कारन मान एका कागदात मावेना. अर्ध्या घंट्यात.

सरनं एकेका ओळीचा आकडा केला, ते आकडे बटनावर मारले, एक शेवटचं बटन दाबलं... अन् तुम्हाले सांगतो, काळ्या पडद्यावर माया सारस उभा. सरनं दुसरं बटन दाबलं, अन् त्यानं पाय उचलला. मी हजार मोर काढले असतीन, पितळेवर, तांब्यावर, एकानं कधी पाय उचलला नाही. मी हळूच मांगं सरकलो, त्याले मी दिसलो तं उडून जाईन म्हून.

सरनं त्याचा खेळ केला. सारसाचं अंडं बांधीत, कोल्हा येते, तुम्ही बटनानं सारस चालवायचा अन् कोल्हा हाकलायचा. पोट्टे वेडे झाले. आता नागपूरच्या ट्रेनिंगात सरचे चार दोस्त झाले होते, कोनी चांद्याचे, कोनी दुर्गचे, कोनी बालाघाटचे, सगळ्याइच्या शाळेत असाच कॉम्प्युटर. त्याइची पत्रं आली: खेळ कॅसेटवर भरून पाठवा. हव, कॅसेटवर, गान्याच्या कॅसेटवर. वाजवली तं नुसती किंचाळते, पन मशीनले ते समजते. सर माया पुढं येऊन बसले. "भाऊ, खेळ माया, पन सारस तुमचा. द्यायचा का? अन् द्यायचा तं कोनत्या अटीवर? उद्या कोनी त्यात फेरफार करन, कोनी आपलाच म्हनन."

आता मले विचारलं. मले एकच अट मालूम, आहेराची. अन् आहेराची गोष्ट अशी का, आपल्या इकडं लग्नात आलेला गंज घरात राहते थोडाच? पुढच्या लग्नात तोच देतेत. मंग घेऊन येतेत माया ओट्यावर, हळूच म्हनतेत, "गोपीचंद, जुनं नाव घासून टाक, मायं टाक." मी घासले आहेत, खोटं कायले बोलू. एकदा बपेऱ्याच्या देवकाबाईच्या मायनं देल्लेली गुंडी तिच्या भासऱ्यानं, नवऱ्याच्या मोठ्या भावानं, अशीच आनली, मी नाव घासलं, अन् फिरत फिरत ते गुंडी तीन वर्सांनं देवकाबाईच्याच नातीच्या लग्नात आहेरात आली. बाईनं गुंडी ओळखली बुडाच्या पोच्यावरून. जिथं मायचं नाव होतं तिथं बोट फिरवत बसली. मी पंगतीत होतो. मले त्या दिवशी बुंदी गोड लागली नाही. त्या दिवसापासून नवं नाव टाकतो, जुनं घासत नाही. गिऱ्हाईक गेलं तं गेलं.

तेच सरले सांगितलं. लिवा म्हनलं: ज्याले पायजे त्यानं घ्यावं, वापरावं, बदलावं, पुढच्याले द्यावं. फक्त जुनं नाव खोडायचं नाही, अन् देनाऱ्यानं आपलं नाव खाली टाकायचं, 'यांजकडून सप्रेम भेट'. सरनं ते खेळाच्या सुरुवातीलेच मशीनमंदी लिवलं, इंग्रजी अक्षरात आपली मराठी, चांगल्या अकरा लांब ओळी, अन् शेवटी, 'सारस काढनारा गोपीचंद, नावं टाकनारा, तुमसर'. मायं नाव! लोकाइची नावं टाकून टाकून माया हात वाकडा झाला, पन मायं नाव घरच्या गिलासावरबी नाही. शकुन, मायी बायको, म्हनते, "अवं, आपल्याले कोन आहेर देते नाव टाकून?" आता अट चांगली होती का नाही? देनाऱ्याचं भलं, घेनाऱ्याचं भलं. यात मायं काय चुकलं?

कॅसेट गेली. मी आपल्या ओट्यावर. वर्सभर काही नाही. अन् मंग एक दिवस सर धावत आले, पायात चप्पल एकच. "भाऊ, परत आला," म्हने. "कोन?" "सारस."

कॅसेट फिरून आली होती! कुठं कुठं गेली असन, पाकिटावर शिक्के मावत नोते. अन् सोबत चिठ्ठ्या. दुर्गच्या कोनी बाबुलाल मास्तरनं लिवलं होतं, "भाईसाहब, सारस अकेला नहीं रहता, इसलिए जोड़ी बना दी." वाचलं अन् मी खालीच बसलो. अजी, हे मले मालूम होतं! सारस एकटा राहतच नाही, एक मेला तं दुसरा अन्न सोडते, आमच्या गावात लेकरालेबी मालूम. पन मी घाईत एकच काढला, अन् शंभर-सव्वाशे का किती मैलावरच्या मानसाले तो एकटा पाहून झोप नाही आली. बालाघाटच्या एकानं सारस उडवला. अन् लिवलं का उडतानी बगळा मान वाकवते, सारस मान सरळ ठेवते, म्हून मान सरळ ठेवली आहे, मूळ चित्रकाराले चालन ना? चालन ना, विचारते! चांद्याच्या शाळेतल्या सत्यभामाबाईनं त्याले ओरडाले लावलं, जोडीनं, एकानं हाक द्यायची, दुसऱ्यानं ओ द्यायची. कोन हे लोक? ना पाह्यले, ना भेटलो, ना सोयरे, ना गाववाले. माया टिपक्यात त्याइनं आपले टिपके मिसळले, अन् कोनी कोनाचं नाव खोडलं नाही.

म्हनलं, सर, लावा.

सरनं लावला. पडद्यावर पयले माया अकरा ओळी. मंग नावं. दुर्गचे बाबुलाल यांजकडून सप्रेम भेट. त्याइच्या हेडमास्तरकडून सप्रेम भेट, त्याइनं काही केलं नोतं, फक्त कॅसेट पोस्टात टाकली, पन देनारा ना! चपराशाकडून सप्रेम भेट. नववी ब च्या सगळ्या पोरींकडून, एकेकीचं नाव, सप्रेम भेट. पोस्टमनकडूनबी एक होतं. चाललीच नावं, चाललीच नावं... बासष्ट नावं झाली, अन् शेवटी सारस यायच्या वक्ताले पडदा थांबला अन् मशीननं इंग्रजीत लिवलं, 'नो रूम'. जागा नाही. सारसाले जागा नाही! नावंच मावली, पाखरू बाहेर. सरनं कपायाले हात लावला, अन् तेच म्हने, नावाइनं मशीन भरली. मी नियम केला, लोकाइनं पाळला, यात मायं काय चुकलं?

सर म्हने, "सोपं आहे. पंधरा-वीस नावं खोडू. हेडमास्तर, चपराशी, पोस्टमन... याइनं काय केलं?" मी म्हनलं, नाही. "पोरी?" नाही जी, पोरी तं नाहीच. सर चिडले. "मंग सारस कसा उडन?" मले तो उडतानी पाह्याचा होता, तुम्हाले काय सांगू, बापानं हालू नको म्हनलं तेव्हापासून पाह्याचा होता. अन् नाव खोडाचं तं देवकाबाईचं बोट डोळ्यापुढं येते. बसलो दोघं. सरच्या बाईनं आनलेला डबा थंडा झाला.

मंग मी म्हनलं, सर, सगळ्यात लंबं काय आहे यात? सरनं मोजलं. म्हने, "तुमचा नियम." म्हनलं, काढा. सर म्हने, "अजी, नियम काढला तं..." म्हनलं, बासष्ट लोकाइनं पाळला, आता लिवून ठेवाची काय गरज? काढा. अकराच्या अकरा ओळी गेल्या. लावला. नो रूम. थोडंसंच कमी पडून राहिलं होतं. सर मायाकडे पाहत, मी भिंतीकडे. खाली एकच ओळ अशी होती का जिच्यासाठी कोनाले विचाराची गरज नोती. म्हनलं, तेबी काढा. सर म्हने, "गोपीचंदभाऊ, ते तुमचं नाव आहे." म्हनलं, मी खोडून राहिलो, दुसरं कोनी नाही. काढा लवकर, मन पालटाच्या आत.

अन् आला जी. जोडीनं आला. बांधीत दोघं उभे, एकानं हाक देल्ली, दुसऱ्यानं ओ देल्ली, कोल्हा आला, अन् दोघं उठले... मान सरळ, पाय मांगं तानलेले, पडद्याच्या या टोकावरून त्या टोकावर. शकुन दारात उभी होती, मले शोधत आल्ती, चपला घालूनच आत आली अन् कोनी तिले टोकलं नाही. "हे तुमी काढलं?" म्हने. म्हनलं, थोडंसं मी. बाकी लोकाइनं. मायं नाव त्यावर नोतं अन् मले त्या वक्ताले त्याची यादबी नोती, खरं सांगतो.

इथं गोष्ट संपाले पायजे होती. पन सरनं ते चालनारी कॅसेट सगळीकडे पाठवली, अन् आठ दिवसांत चांद्याहून सत्यभामाबाईचं रजिस्टर पत्र! सरनं ओट्यावर येऊन वाचून दाखवलं, आवाज बारीक करून, बाईसारखा: "आपल्या शाळेकडून आलेल्या प्रतीत मूळ नियम आणि सारस काढणाऱ्याचं नाव खोडलेलं आढळलं. हे आम्हाला मुळीच पटलेलं नाही. ज्यानं खोडलं त्यानं हा सारस कधी नीट पाहिलेला नसावा. गोपीचंद यांची सहीनिशी लेखी परवानगी येईपर्यंत आमच्या मुली ही प्रत उघडणार नाहीत, आणि दुर्ग व बालाघाटलाही आम्ही तसं कळवलं आहे."

घ्या. चोर मी, धनी मी, अन् वकील चांद्याची बाई, जिनं मले जन्मात पाह्यलं नाही. ज्यानं खोडलं त्यानं सारस पाह्यला नसावा म्हने! मी राग धराचा तं कोनावर धरू? केशवरावजी गल्ल्यावरून हसून राहिले, म्हने, "गोपीचंद, तुले तं तुयावरच दावा लावा लागन."

आता सर रोज शाळा सुटली का कोरा कागद अन् पेन घेऊन ओट्यावर येतेत. "भाऊ, दोन ओळी लिवा, खाली सही करा. खेळ अडून राहिला." एवढा शिकलेला मानूस, माया पुढं पायरीवर बसते, हात जोडते. द्याचीच आहे जी परवानगी, नाही कोन म्हनते? पन बावीस वर्सं या ओट्यावर बसलो, लोकाइनं नाव टाक म्हनलं, टाकलं, घास म्हनलं, घासलं, कोनी एकदा मले विचारलं नाही का, गोपीचंद, चालन का? उद्या देऊन टाकीन. आज मागू द्या त्याइले.