चारशे घोडे

गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात रांगेत उभी होते. माझ्या पुढे जुन्या गाडीच्या इंजिनावरून सासऱ्या-सुनेची जुंपली होती. कान माझे, मी कशाला झाकू?

“सूनबाई, मी चारशे घोड्यांचंच इंजिन बसवणार. शर्यत म्हणजे शर्यत.”

“आणि सोमवारी त्याच गाडीनं कामावर जाताना मामंजी, सिग्नलला चारशे घोडे बांधाल कुठे?”

“मग ताकद नको?”

“हवी की. पण काल शर्यतीत तुमच्या दोस्ताचे चारशे घोडे सुटायच्या रेषेवरच बसले. माझ्या गाडीचे दोनशे कुठे होते?”

“पुढे.”

“मोठ्यानं सांगा, रांगेला ऐकू जाऊ दे.”

“पुढे होते, माझे आई! अहो शेठ, सूनबाईच्या गाडीला दिलंत तेच सामान द्या.”

“आणि जोडणार कोण?”

“तूच. मी पाने हातात देतो.”