पंचायतीच्या बिनतारी फोनवरचा निकाल

तुमाले सांगतो, ते गणित मले अजून सुटलं नाही. नातीचा दहावीचा निकाल पाहाले गुरुजींनी आपला जुना लॅपटॉप इंटरनेटसाठी पंचायतीच्या बिनतारी फोनले जोडला. किती वेळ झाला तरी पडद्यावर अर्धाच फोटो.

"हे अडून काऊन राह्यलं?"

"मशीन म्हातारं आहे, आबा. अन् निकालासंगं फोटोही ओढून राह्यलं."

"म्हातारा बैल चिखलात फसला तं आमी गाडी रिकामी करतो. ते फोटो खाली ठेवा ना."

गुरुजी हसले अन् त्यांनी फोटो बंद केले. निकाल लगेच आला. नात पास झाली, अन् रडाले लागली.

"पास झाली तं रडून काऊन राह्यली व माय?"

"आबा, आता शिकाले घर सोडून निर्मल शहरात राहा लागन."

मी गुरुजींले म्हटलं, "आपण यासाठीच घाई करून राह्यलो होतो का?"